लेखकाला जे माहीत आहे तेवढंच त्याला विचारा

आमच्या टीममध्ये एक सर्व्हिस इंजिनिअर होते. पंप कसा उघडायचा, सील बदलताना माणूस हमखास कुठे चुकतो, कुठला आवाज आला की लगेच मशीन बंद करायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मॅन्युअल त्यांनीच लिहायचं ठरलं, एक्सएमएल एडिटर दिला (त्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला तो काय आहे हे सांगणारी खूण, म्हणजे टॅग, लावावी लागते), दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि ते लिहायला बसले. पहिल्याच स्टेपनंतर त्यांनी "घासल्यासारखा आवाज आला तर थांबा" असं वाक्य टाकलं आणि एडिटरने खाली लाल रेघ मारली, कारण त्या जागी नुसतं वाक्य चालत नाही. ते इन्फो आहे का, की स्टेपरिझल्ट, की ट्युटोरियलइन्फो, की स्टेपट्रबलशूटिंग, हे आधी ठरवा मग पुढे जा. त्यांनी मला विचारलं, यातला फरक काय? मी समजावून सांगितलं, पण मला स्वतःलाच जाणवत होतं की या चारातलं काहीही निवडलं तरी आमच्या पीडीएफमध्ये ते दिसणार एकसारखंच.

आठवड्याभरात त्यांनी एडिटर उघडणं बंद केलं. ते वर्डमध्ये लिहून मेल करायचे आणि आम्ही दोघं टेक्निकल रायटर त्याला टॅग लावायचो. म्हणजे ज्ञान एकाकडे आणि टॅग दुसऱ्याकडे, मध्ये कॉपी-पेस्ट. त्यात एकदा इशारा स्टेपच्या आधी यायच्या ऐवजी नंतर गेला, रिव्ह्यूमध्ये सापडला म्हणून बरं.

तेव्हापासून माझं मत हळूहळू पक्कं होत गेलंय की स्ट्रक्चर्ड ऑथरिंगचे, म्हणजे असे टॅग लावून लिहिण्याचे, जे स्टँडर्ड आहेत ते सोपे व्हायलाच हवेत, आणि सोपे करणं म्हणजे नक्की काय यावर मोकळेपणाने बोलायला हवं. कारण "सोपं करा" म्हटलं की एक गट म्हणतो निम्मे टॅग उडवा आणि दुसरा म्हणतो सगळं सोडून मार्कडाउनमध्ये, म्हणजे मोजक्या साध्या खुणांच्या मजकुरात, लिहा, आणि माझ्या मते दोघांचं निदान चुकतंय.

आधी एक स्पष्ट करतो, मी स्ट्रक्चरच्या बाजूचा माणूस आहे. मजकूर काय आहे आणि तो कसा दिसतो या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या ही कल्पना आयबीएममध्ये १९६९ मध्ये जीएमएल या टॅगच्या भाषेच्या रूपाने आली, १९८६ मध्ये तिच्यातून निघालेलं एसजीएमएल आयएसओ स्टँडर्ड झालं, १९९१ च्या सुमारास मॅन्युअलसाठीचं डॉकबुक सुरू झालं, १९९८ मध्ये एसजीएमएलचं सुटसुटीत रूप असलेलं एक्सएमएल आलं. मॅन्युअल सुट्या तुकड्यांत लिहिण्यासाठीचं डिटा आयबीएमने २००१ मध्ये जगासमोर ठेवलं आणि २००५ मध्ये ते ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झालं. या सगळ्यामागचा विचार मला आजही पटतो. एक टॉपिक, म्हणजे एका विषयाचा स्वतंत्र तुकडा, एकदाच लिहा, दहा मॅन्युअलमध्ये वापरा. बदल झाला तर एकाच जागी करा. भाषांतर करताना जेवढं बदललं तेवढंच भाषांतरकाराकडे पाठवा. ज्यांनी तीनशे पानांच्या वर्ड फाइलमध्ये एका बोल्टचा टॉर्क सतरा ठिकाणी हाताने बदललाय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

मग बिघडलं कुठे? डिटाचं उदाहरण घेऊ कारण ते मला जवळून माहीत आहे. २००७ च्या १.१ व्हर्जनमध्ये पुस्तकासाठी बुकमॅप आला. २०१० च्या १.२ मध्ये कीज, म्हणजे शब्द किंवा लिंकच्या जागी घालायची नावं, आल्या, ट्रेनिंग मटेरियलसाठी वेगळा संच आला, मशिनरीवाल्यांसाठी वेगळा टास्क आला, धोक्याच्या सूचनांसाठी वेगळी रचना आली. २०१५ च्या १.३ मध्ये ट्रबलशूटिंगचा टॉपिक, मॅन्युअलच्या एका भागापुरत्या लागू होणाऱ्या स्कोप्ड कीज, एका भागापुरताच मजकूर गाळणारं ब्रँच फिल्टरिंग, गणिताची समीकरणं. यातली एकही गोष्ट उगाच घातलेली नाही, प्रत्येकीमागे कुणाची तरी खरी अडचण होती. पण बेरीज केली तर १.३ च्या पूर्ण आवृत्तीत एलिमेंट, म्हणजे टॅगचे प्रकार, सहाशेच्या वर जातात, आणि समितीलाच शेवटी स्टँडर्ड तीन आवृत्त्यांमध्ये विभागून द्यावं लागलं, बेस, टेक्निकल कंटेंट आणि सगळ्यांना सामावणारी तिसरी.

याचं कारण कुणाचा हट्ट वगैरे नाही असं मला वाटतं. स्टँडर्डच्या मीटिंगला कोण येतं? ज्याला काहीतरी हवंय तो. ज्याला ते नकोय किंवा ज्याला त्याचा त्रास होणार आहे तो त्या वेळी कुठल्यातरी डेडलाइनमध्ये बुडालेला असतो, बहुतेकदा त्याला अशी मीटिंग असते हेही माहीत नसतं. शिवाय एकदा घातलेलं सहजासहजी काढता येत नाही कारण जुन्या फाइल चालल्या पाहिजेत. म्हणून वाढ होत राहते आणि घट जवळजवळ होतच नाही.

पण टॅग किती आहेत हे मोजून प्रश्न कळत नाही. माझी कसोटी वेगळी आहे आणि ती मला त्या इंजिनिअरच्या लाल रेघेनेच सुचली. स्टँडर्ड जेव्हा लेखकाला थांबवून एखादी गोष्ट ठरवायला लावतं तेव्हा दोन प्रश्न विचारायचे. पहिला, हे फक्त लेखकालाच माहीत आहे का, की मशीन स्वतः ओळखू शकेल? दुसरा, याच्या उत्तरावर पुढे कुणी काही करणार आहे का, म्हणजे वाचक, भाषांतरकार, सर्च, फिल्टर, कुणीही? दोन्हीला हो असेल तर जरूर विचारा, सक्तीने विचारा. नाहीतर त्याला लिहू द्या.

आता ही कसोटी लावून बघा. सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये बटणाचं नाव, खिडकीचं नाव, मेन्यूची वाट यांना वेगवेगळे टॅग आहेत. कमांडचं नाव, ऑप्शन, पॅरामीटर, व्हेरिएबल, फाइलचा पत्ता, एपीआयचं नाव, युजरने टाइप केलेलं, सिस्टमने छापलेलं, हे सगळेही वेगळे. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी यातले पहिले तीन ठळक अक्षरात छापले जातात आणि बाकी सगळे टाइपरायटरसारख्या फॉन्टमध्ये, बस. एखाद्या मोठ्या कंपनीत त्या टॅगवरून इंडेक्स बनत असेल, स्क्रीनवरचे शब्द भाषांतराच्या डेटाबेसशी जुळवले जात असतील, तिथे त्यांचा उपयोग आहेच. पण म्हणून दोन माणसांच्या टीमलाही पहिल्या दिवसापासून तो फरक शिकायला लावायचा, आणि रिव्ह्यूमध्ये "इथे ऑप्शन नको पॅरामीटर हवं" यावर वेळ घालवायचा? वाचकाला त्यातून काहीच मिळत नाही.

उलट बाजूचं उदाहरण धोक्याच्या सूचनेचं. डिटामध्ये त्यासाठी जी रचना आहे तिच्यात धोका कोणता, दुर्लक्ष केलं तर काय होईल आणि टाळायचं कसं, असे वेगळे रकाने आहेत. टॅग मोजणाऱ्याला हे जास्तीचं वाटेल, साधी एक नोट टाकली तर काय बिघडलं म्हणेल. मी मात्र ही रचना कधीच काढू देणार नाही. कारण लिहिणारा माणूस घाईत "काळजी घ्या" एवढंच लिहून पुढे जातो, आणि ते रकाने त्याला विचारतात की अरे कशाची काळजी, न घेतल्यास हात भाजेल की मशीन बंद पडेल, आणि करायचं काय? हे त्यालाच माहीत असतं, दुसऱ्या कुणाला नाही, आणि वाचणाऱ्याच्या हाताबोटांचा प्रश्न असतो. तसंच पूर्वतयारीचं, ही माहिती कुठल्या मॉडेलला लागू आहे याचं, कुठल्या व्हर्जनपासून खरी आहे याचं. हे प्रश्न विचारणारं स्टँडर्ड लेखकाला मदत करतं, त्याचं लिखाण सुधारतं.

यावर अनुभवी लोकांचं नेहमीचं उत्तर असतं की अहो, सहाशे एलिमेंट वापरा असं म्हटलंय कुणी, कन्स्ट्रेंट, म्हणजे कुठले टॅग चालतील याची बंधनं, लावा आणि नको ते काढून टाका, १.२ पासून सोय आहे. सोय आहे हे खरं. पण ती वापरायला स्कीमा, म्हणजे टॅगच्या नियमांची फाइल, कळणारा माणूस लागतो, आणि ज्या टीमला साधेपणाची सगळ्यात जास्त गरज असते तिच्याकडेच नेमका तो माणूस नसतो. मोठ्या कंपनीत माहितीची रचना ठरवणारा इन्फर्मेशन आर्किटेक्ट असतो, तो महिनाभर बसून छान आटोपशीर संच बनवतो. लहान टीम जे डब्यातून निघेल तेच वापरते, त्यामुळे डीफॉल्ट काय आहे यावर सगळं ठरतं. आणि प्रत्येकाने आपापलं छाटायचं असेल तर प्रत्येकाचा संच वेगळा होतो, आणि एकाचा मजकूर दुसऱ्याकडे सरळ चालावा हा जो स्टँडर्डचा मूळ हेतू तोच मागे पडतो. विमानांच्या आणि लष्करी उपकरणांच्या डॉक्युमेंटेशनसाठी एस१०००डी हे स्टँडर्ड आहे, तिथे पहिली ओळ लिहायच्या आधी शेकडो बिझनेस रूल, म्हणजे ते आपल्याकडे कसं वापरायचं याचे नियम, ठरवावे लागतात. विमानाच्या बाबतीत ते मी समजू शकतो, वीस-तीस वर्षं ते मशीन उडणार असतं आणि डझनावारी कंपन्यांचे भाग त्यात असतात. पण प्रत्येक उत्पादन विमान नसतं.

"एडिटर टॅग लपवतो, लेखकाला फॉर्म दिसतो" हे दुसरं उत्तर. काही एडिटर खरंच सुंदर काम करतात. पण टॅग लपवले तरी त्यामागचा प्रश्न लपत नाही, फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन येतो आणि माणूस त्यातला पहिला पर्याय निवडून मोकळा होतो. अशा रीतीने भरलेली माहिती ही न भरलेल्या माहितीपेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो.

मग मार्कडाउन का नको? २००४ मध्ये आलेल्या मार्कडाउनने लाखो लोकांना लिहितं केलं याबद्दल मला मनापासून आदर आहे, डेव्हलपर जो एरवी डॉक्युमेंटेशनचं नाव काढलं की पळायचा तो आज कोडशेजारीच लिहितो. पण मूळ मार्कडाउनमध्ये टेबलची खूण नव्हती, नोट आणि वॉर्निंगची नव्हती, अटीप्रमाणे मजकूर दाखवायची-लपवायची कंडिशन नव्हती. लोकांना ते हवंच होतं, म्हणून प्रत्येक टूलने आपापली भर घातली, कुणी तीन उद्गारचिन्हं, कुणी तीन कोलन, कुणी अवतरणाच्या आत चौकटी कंसात शब्द. २०१४ मध्ये कॉमनमार्क या प्रकल्पाने मूळ गाभ्याचे नियम पक्के करायला घेतले पण त्या भरींचा प्रश्न तसाच राहिला. टूल बदलायची वेळ आली की कळतं आपण काय गमावलं. आमच्याकडे एकदा हजारेक फाइल हलवायच्या होत्या, त्यात इशारा कुठला आणि नुसता ठळक केलेला शब्द कुठला हे ओळखायला एकही खात्रीची खूण नव्हती, शेवटी माणसं बसवून वाचून काढावं लागलं. अवघडपणा नाहीसा झालेला नव्हता, तो फक्त लिहिणाऱ्याकडून नंतर येणाऱ्याकडे गेला होता.

मधली वाट शक्य आहे आणि लोक ती चाललेही आहेत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन आधी लाटेक या टाइपसेटिंगच्या भाषेत होतं, २.६ व्हर्जनच्या वेळी, म्हणजे २००८ मध्ये, ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या पद्धतीत आणलं आणि त्यासाठी बनवलेलं स्फिंक्स हे टूल नंतर जगभर वापरलं गेलं. तिथे साधा परिच्छेद हा साधा परिच्छेदच असतो, कुठलीही खूण लागत नाही. पण हे फंक्शन कुठल्या व्हर्जनमध्ये आलं, कुठल्या व्हर्जनपासून वापरू नये, हे सांगायला ठरलेल्या खुणा आहेत. माझ्या कसोटीला हे तंतोतंत उतरतं, ती गोष्ट लिहिणाऱ्यालाच माहीत असते आणि वाचणाऱ्याला तिची गरज असते.

डिटाच्या लोकांनीही लाइटवेट डिटा नावाने प्रयत्न केला, त्यात एक्सएमएल, एचटीएमएल आणि मार्कडाउन अशा तीन रूपांत लिहिता येतं आणि तिन्ही एकत्र नांदतात. कल्पना मला फार आवडते. काळजी एवढीच की हलकी आवृत्ती बाजूला ठेवून मूळ स्टँडर्ड तसंच वाढत राहिलं तर काय? टूलवाल्यांना दोन्ही सांभाळावी लागतात, नव्या माणसाला कुठून सुरू करू ते कळत नाही. जुने ग्रंथ आणि हस्तलिखितं डिजिटल करणाऱ्यांचं टीईआय हे स्टँडर्ड आहे, त्यांनी टीईआय लाइट काढलं तेव्हा नव्वद टक्के लोकांच्या नव्वद टक्के गरजा भागाव्यात असं उद्दिष्ट ठेवलं होतं, आणि कित्येकांना तेवढंच पुरलं. माझं म्हणणं हे की तसं असेल तर लाइट हेच मूळ असायला हवं, आणि उरलेल्या दहा टक्क्यांसाठी जोडणी. घराचा मुख्य दरवाजा सोपा हवा, मागचं दार नव्हे.

आता एक मुद्दा जो इंग्रजीत विचार करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही आणि आपल्या भाषेतल्यांना रोज टोचतो. रियूजची, म्हणजे एकदा लिहिलेलं पुन्हा वापरण्याची, हौस इतकी वाढली की एकेक शब्द व्हेरिएबल झाला. "अमुक काढा आणि अमुकच्या खालची धूळ पुसा" असं वाक्य एकदा लिहायचं आणि अमुकच्या जागी की घालायची, प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा शब्द आपोआप बसेल. इंग्रजीत बसतो. मराठीत "झाकण" घातलं की "झाकणच्या खालची" होतं, "पडदा" घातला की "पडदाच्या खालची". आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधी शब्द बदलतो, झाकणाच्या, पडद्याच्या, चाकाच्या. लिंगाचं तर विचारूच नका, "खराब झालेला" हे पंपाला चालतं, मोटरला "झालेली" लागतं आणि झाकणाला "झालेलं". भाषांतरकाराच्या हातात येतो तो अर्धा सांगाडा, की ला तो हात लावू शकत नाही, मग तो "झाकण या भागाच्या खालची धूळ" अशी कृत्रिम वाक्यं लिहितो आणि वाचणाऱ्याला वाटतं मराठीत टेक्निकल लिहिताच येत नाही. हा दोष भाषेचा नाही. वाक्याच्या आत तुकडे जोडायची सोय स्टँडर्डने दिली, कुणी थांबवलं नाही, म्हणून हे झालं. विभक्ती किंवा लिंगाप्रमाणे शब्द बदलणाऱ्या सगळ्याच भाषांचं हे दुखणं आहे. रियूज करायचाच तर पूर्ण स्टेपचा करा, पूर्ण परिच्छेदाचा करा, टॉपिकचा करा. कंपनीचं नाव किंवा व्हर्जनचा आकडा सोडला तर वाक्याच्या आतला रियूज गाभ्यातून काढून टाकावा असं मला ठामपणे वाटतं, आणि इथे सोपं केल्याने लेखकाचं काम हलकं होतं आणि भाषांतरही सुधारतं.

अजून एक गोष्ट, अर्धवट लिहिण्याची मुभा. एक्सएमएलच्या जगात फाइल एकतर बरोबर असते नाहीतर चूक. वेबवाल्यांनी हा धडा आधी शिकला. वेबपानांची एक्सएचटीएमएल ही भाषा काटेकोर होती, नियमाने वागायचं तर एका चुकीपायी ब्राउझरने पान दाखवायचंच नाही. त्याच वाटेवरच्या एक्सएचटीएमएल २ चं काम २००९ मध्ये थांबवायचं ठरलं आणि २०१४ मध्ये पक्क्या झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये चुकीचा मजकूर आला तर त्याचं काय करायचं याचेही नियम लिहिलेले आहेत. आपल्या स्टँडर्डमध्येही लिहिताना, रिव्ह्यूला देताना आणि पब्लिश करताना अशा वेगवेगळ्या पातळ्या हव्यात. विचार चालू असताना माणसाला लाल रेघ दाखवू नका. पब्लिशच्या दारात मात्र कडक उभे राहा, इशाऱ्याचे रकाने रिकामे असतील तर पुढे सोडू नका.

आणि काही ओझं टॅगवरून काढून भाषेवर टाकायला हवं. विमानांच्या देखभालीसाठी १९८६ पासून सिम्प्लिफाइड इंग्लिशचे नियम आहेत, आज ते एएसडी-एसटीई१०० म्हणून चालतात. कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत, एका वाक्यात शक्यतो एकच सूचना, ठरलेला शब्द ठरलेल्याच अर्थाने. लांबलचक गोंधळलेलं वाक्य अचूक टॅगमध्ये घातलं तरी गोंधळलेलंच राहतं, व्हॅलिडेशन, म्हणजे टॅगची तपासणी, हिरवं होतं आणि मेकॅनिक डोकं खाजवतो.

जुनं काढायचं तर जुन्या फाइलवाल्यांचं नुकसान होतं हा आक्षेप मला गंभीर वाटतो. हजारो टॉपिक असलेल्या टीमला "आता हे एलिमेंट गेलं" असं एका सकाळी सांगता येत नाही. पण काही वर्षांची आगाऊ सूचना, फाइल आपोआप बदलून देणारी स्क्रिप्ट स्टँडर्डसोबतच, आणि ज्यांना ते एलिमेंट खरंच हवंय त्यांच्यासाठी ते बाहेरची जोडणी म्हणून चालू, हे सगळं करता येण्यासारखं आहे. डिटाची मूळ रचनाच स्पेशलायझेशनवर उभी आहे, म्हणजे साध्या एलिमेंटपासून खास एलिमेंट घडवता येतं. मग खास गोष्टी गाभ्यात कोंबायची गरजच काय? आणि समितीने प्रत्येक नव्या मागणीबरोबर एक चाचणी ठेवावी, मशीन उत्तम जाणणारा पण एक्सएमएल न पाहिलेला माणूस घ्यावा, त्याला तासभर लिहू द्यावं आणि तो कुठे कुठे थांबला ते नोंदवावं. मीटिंगला जो येऊ शकत नाही त्याचं मत निदान असं तरी पोचेल.

आम्ही शेवटी आमच्यापुरतं एक केलं. त्या इंजिनिअरसाठी सगळा संच बाजूला ठेवून एक छोटं पान बनवलं, काम कोणतं, आधी काय तयार हवं, पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीखाली एक रकाना, "इथे काय चुकू शकतं". मागून ते नीट टॅगमध्ये जाईल याची काळजी आम्ही घेतली. त्यांनी पहिल्याच दुपारी सील बदलायचं पूर्ण काम लिहून दिलं. चौथ्या पायरीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, सील कोरडंच बसवलं तर पहिल्यांदा सुरू करतानाच फाटतं, आधी तेलाचं बोट फिरवा. आम्ही जुन्या सगळ्या वर्ड फाइल उघडून पाहिल्या, हे वाक्य एकातही नव्हतं. मी त्यांना विचारलं, हे आधी का नाही लिहिलंत? ते म्हणाले, तुम्ही विचारलंच नव्हतं.